पंधराशे ऐंशीवरचा उंचवटा

भिस्तबाग रोडला सकाळी भाजीवाल्या बसतात. त्यांतल्या अगदी कडेच्या म्हातारीनं अश्विनीला शकुंतला समजून हाक मारली आणि अश्विनीनं ओ दिली. घडलं ते एवढंच. "काय गं शकुंतले, दिसली न्हाईस किती दिसांत! आईचा गुडघा कसा हाय?" असं म्हातारीनं विचारलं, तेव्हा मी ती नव्हे म्हणायला एक श्वास पुरला असता. पण सकाळचं कोवळं ऊन पाठीवर पडलेलं, हातात मेथीची गार ओली जुडी, आणि कुणीतरी किती दिसांत दिसली नाहीस म्हणतंय, तिच्या तोंडून निघून गेलं, "बरा आहे आता." "हिंडती का?" "हिंडते की. काठी घेऊन." "काठी घेती? ती? लई मानी बाई हुती गं." "आता घेते," अश्विनी म्हणाली आणि आपण मानी बाईच्या हातात काठी दिली याचं तिला खरोखर वाईट वाटलं. अश्विनीच्या स्वतःच्या आईला जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि गेली तेव्हा तिचे दोन्ही गुडघे ठणठणीत होते. म्हातारीनं मेथीवर कोथिंबिरीची काडी ठेवली. "म्हातारीला सांग, आक्काबाईनं दिलीय. आन् तुजा आवाज का बसलाय? चष्मा फुटलाय ना माझा, आठ दिस झाले. रंगावरनं भाजी वळखती आन् आवाजावरनं मानसं." अश्विनी हसली, घसा धरलाय म्हणाली, आणि शकुंतलेच्या चालीनं, म्हणजे तिला वाटलं त्या चालीनं, कोपऱ्यापर्यंत गेली. कोपऱ्यावर वळल्यावर मात्र तिला एकदम लाज वाटली. एक्कावन्न वर्षांची, पदार्थविज्ञान शिकवणारी बाई, आणि दोन मिनिटांच्या आपुलकीसाठी दुसरीच्या नावावर उभी राहिली.

घरी आली तेव्हा पावणेआठ झाले होते. दोन वाजता मुदत संपणार होती. नगरचे दोन, जपानचे साडेपाच. (शहराचं नाव बदलून अहिल्यानगर झालं, पाट्या बदलल्या, पण एसटीचा कंडक्टर अजून नगर-नगरच ओरडतो आणि तिच्याही तोंडात तेच बसलंय.) जपानमधल्या एका यंत्रावर जगभरातली चारशे-पाचशे माणसं मिळून काम करतात, त्यांत अकरा वर्षं ती होती, अशी, की आडनावांच्या यादीत मधेच कुठेतरी एक नाव. तिथली रीत अशी की कुठलाही लेख छापायला जाण्यापूर्वी तो सगळ्यांपुढे ठेवतात. कुणाला हरकत असेल त्यानं नावानिशी लिहायचं, नसेल त्यानं 'वाचलं, मान्य आहे' म्हणून खूण करायची. मुदत टळली की लेख गेला. आजचा लेख तिचा होता. तिचा आणि रविराजचा. रविराज मूळ संगमनेरचा, आता दक्षिणेत एका विद्यापीठात, तिच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. आणि लेखात होता एक उंचवटा, म्हणजे एक नवा कण, कणांच्या वजनांच्या आलेखावर पंधराशे ऐंशीच्या आकड्याशी आलेला, आजवर कुणाच्या वहीत नसलेला. अकरा वर्षांत तिच्या हाताला लागलेली एवढी एकच गोष्ट.

मेथी निवडायला बसली. पानं इकडे, देठ तिकडे. या यंत्रात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन समोरासमोरून सोडतात, ते एकमेकांवर आदळतात आणि एकमेकांना संपवतात, त्यातून जे उसळतं ते बघायला बहुतेक लोक तिथे गेलेले. अश्विनीला पहिल्यापासून ओढ होती ती न आदळणाऱ्यांची. शेजारून जातात, एकमेकांना लागतही नाहीत. फक्त जाता जाता दोघांकडून प्रकाशाचा एकेक कण सुटतो, आणि ते दोन प्रकाशकण वाटेत भेटतात. भेटले आणि दोघांची मिळून ऊर्जा नेमकी जुळली, तर क्षणभर, क्षण म्हणायलाही लाज वाटावी इतकाच वेळ, तिथे काहीतरी वस्तू होते. तिला रेझोनन्स म्हणतात. ती लगेच फुटते, तिचे तुकडे दिसतात, आणि तुकड्यांवरून ती किती वजनाची होती ते काढायचं. ज्यांच्यामुळे हे झालं ते इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन तोवर सरळ नळीतून पुढे गेलेले असतात. ते दिसत नाहीत. उलट, ते दिसले नाहीत हीच खूण धरायची. वर्गात हे सांगितलं की पोरं विचारत, मॅडम, परीक्षेला येतं का? येत नाही. रंगनाथला तिनं एकदा हे सांगितलं होतं, लग्नानंतर पंधराएक वर्षांनी, शेंडी गावातल्या त्याच्या क्वार्टरच्या पायरीवर. रंगनाथ, तिचा नवरा, पाटबंधारे खात्यात, भंडारदऱ्याला. रोज धरणाची पाणीपातळी वाचून वहीत लिहिणं हे त्याचं काम. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला होता, "म्हणजे आपलं हाय तसंच की." आणि हसला होता. तिला तेव्हा राग आला होता, का ते नीट आठवत नाही. बहुधा त्यानं ते इतक्या सहज म्हटलं म्हणून.

त्यांचं भांडण कधी झालंच नाही. भांडण झालं असतं तर समेट तरी करता आला असता. तिची नोकरी नगरला, त्याची धरणावर. मूल झालं नाही, डॉक्टर झाले, मग डॉक्टरही थांबले. आधी दर शनिवारी यायचा, मग महिन्याला, मग सणाला, मग लग्नाकार्यात हॉलवर भेट आणि तिथूनच आपापली गाडी. रविवारी फोन ठरलेला. पाऊस, पातळी, तब्येत. चौदा महिने तो या घरात आला नव्हता. आणि पंधरा दिवसांपूर्वी तिनं फोनवर उंचवट्याचं सांगितलं, कॉलेजात शनिवारी सत्कार ठेवलाय असंही बोलता बोलता सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "मग येतो. सत्काराला तरी आलं पाहिजे." तिनं फोन ठेवला आणि दुसऱ्याच दिवशी वायरमन बोलावून पाहुण्यांच्या खोलीतला पंखा दुरुस्त करून घेतला. मग तिचं तिलाच हसू आलं. नवऱ्यासाठी पाहुण्यांची खोली. पण नव्या उशीचे अभ्रेही आणले, निळे. कॉलेजच्या गेटवर फ्लेक्स तर परवाच लागलाय. त्यावर तिचा दहा वर्षांपूर्वीचा फोटो, मागे अणुभट्टीसारखं काहीतरी धुरकट, आणि 'नव्या कणाच्या शोधाबद्दल नगरच्या लेकीचे हार्दिक अभिनंदन'. कॉलेजचा शिपाई भागवत शिडीवरून उतरता उतरता म्हणाला होता, "मॅडम, कन केवढा आसतो? न्हाई, मागं दाखवायला काय सापडंना, म्हनून ह्यो फोटो टाकलाय." ती म्हणाली होती, "चालेल. मलाही दाखवता येणार नाही."

मेथीच्या पानांत गवताची काडी निघाली. तिनं ती डोळ्यांजवळ धरली. चष्मा फुटलाय ना माझा, आठ दिस झाले. आणि हात तिथेच थांबला. आधी काही कळलं नाही, जिन्याची पायरी आहे समजून पाय टाकावा आणि नसावी तसं झालं. आठ दिवस आक्काबाई माणसं चुकीची ओळखत असेल. त्याच्या आधी नाही. आणि नवा चष्मा आला की नंतर नाही. फक्त ते आठ दिवस.

तुकडे ओळखणं हेच तर सगळं काम. पायॉन की केऑन. दिसायला दोन्ही सारखेच, एक हलका, एक जड. पायॉनांचा एक प्रचंड डोंगर आहे, बाराशे सत्तरवर, पन्नास-साठ वर्षांपासून सगळ्यांना माहीत. आता त्यातल्या पायॉनांना कुणी चुकून केऑन समजलं आणि जड म्हणून हिशेब केला, तर तो डोंगर आपली जागा सोडतो आणि सरकून उभा राहतो, कुठे, तर पंधराशे ऐंशीच्या आसपास. हे काही गुपित नाही, नवशिक्यालाही शिकवतात. म्हणून तर तिनं तक्ता केला होता: पायॉन किती वेळा केऑन म्हणून खपून जातो, शंभरात किती. दोन. त्या दोनांना वजा करून जो उरला तो उंचवटा. तक्ता तपासला गेला, मंजूर झाला, त्यावर कुणी पुन्हा बोललं नाही. तक्ता तिनं केला होता होळीच्या सुमारास. आणि त्याच वर्षी श्रावणात ती शिफ्टवर होती. शिफ्ट म्हणजे इथेच, या जेवणाच्या टेबलाशी, पहाटे साडेपाचपासून, लॅपटॉपवर यंत्राचे हिरवे चौकोन बघत बसायचं. कुठला लाल झाला की सांगायचं. ओळख पटवणारं जे कडं आहे, सोळा पाकळ्यांचं, त्यातली एक पाकळी त्या दिवशी लाल झाली. ती पाकळी म्हणजे चष्म्याची एक काच. दुरुस्तीला यंत्र थांबवावं लागेल, नंतर बघू, चालू ठेवा, असं पलीकडून उत्तर आलं आणि तिनं नोंदवहीत लिहिलं: एक पाकळी बंद, काम चालू. खाली स्वतःचं नाव. सहा आठवडे ती पाकळी बंद होती. ते सहा आठवडे त्यांच्या लेखात होते. तक्ता मात्र होळीचा.

हात न धुताच ती लॅपटॉपपाशी गेली, मेथीचा वास बोटांना. तपासणं सोपं होतं, इतकं सोपं की रडू यावं. जे खरं आहे ते रोज थोडं थोडं येईल, आखाडात येईल आणि मार्गशीर्षातही येईल. जे फक्त आंधळ्या दिवसांत येतं ते नाहीच. तिनं संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली: ते सहा आठवडे एकीकडे, बाकीची दोन वर्षं दुसरीकडे. संगणक दूर कुठेतरी जपानात कामाला लागला. चाळीस मिनिटं लागतील असं सांगू लागला.

चाळीस मिनिटं काय करावं? तिनं भाजी फोडणीला टाकली, लसूण जरा करपला. गेल्या दिवाळीत पेटी उघडली होती ती आठवली. पेटी म्हणजे खरी पेटी नव्हे. आलेखाचा जिथे काही असण्याची आशा असते तो भाग आधी झाकून ठेवतात, म्हणजे शोधणाऱ्याची आशा हातात उतरू नये. दोन वर्षं झाकलेल्या जागेभोवती काम करायचं, आणि सगळ्या परीक्षा झाल्या की एक दिवस झाकण काढायचं. भाऊबीजेच्या सकाळी काढलं. स्क्रीनवर रविराज, मागे त्याच्या मुलीच्या फटाक्यांचे आवाज. जुन्या ओळखीच्या डोंगराच्या उजव्या खांद्यावर तो दुसरा उंचवटा हळूच उभा. रविराज ओरडलाच, "मॅडम! मॅडम, आहे!" अश्विनीनं स्क्रीनवर बोट ठेवलं होतं, खरोखर, पोरीच्या गालावर ठेवावं तसं. नंतर कित्येक दिवस ती बसमध्ये, वर्गात, दुधाच्या रांगेत मनातल्या मनात ती चढण चढत असे आणि पलीकडे उतरत असे. एकटं राहणाऱ्याला सोबतीला काहीही पुरतं. तिला आता प्रश्न पडला की झाकून ठेवून आशा हातात उतरत नाही हे खरं, पण ती विसरण्यात उतरते का? नोंद तिनंच केली होती. मग तक्ता करताना नाही, निदान ते सहा आठवडे लेखाच्या पोतडीत भरताना, ती तिला का आठवली नाही? आठवली नाही, की आठवू दिली नाही? याचा तक्ता कोण करणार?

चाळीसऐवजी पन्नास मिनिटं लागली. आलेख आले, शेजारी शेजारी दोन. डावीकडे सहा आठवड्यांचा: उंचवटा होता, चांगला डेरेदार. उजवीकडे दोन वर्षांचा: जुना डोंगर, त्याचा उजवा उतार, आणि उतार सरळ खाली. तिनं चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. उतार सरळ खाली. तिला वाटलं होतं की छातीत काहीतरी होईल, पण झालं ते एवढंच की तिला खूप भूक लागली, आणि ती उभ्या उभ्या कढईतली करपली मेथी बोटांनी खाऊ लागली.

साडेअकराला तिनं रविराजला फोन लावला. तो खुशीत होता. "बोला मॅडम! अडीच तास राहिले. तीनशेवर लोकांनी मान्य केलंय, एकाची तर नुसती स्वल्पविरामाबद्दल तक्रार आहे." तिनं सांगितलं. एकही शब्द जादा नाही. आलेख पाठवले, ते त्यानं फोन चालू असतानाच उघडले.

"सहा आठवडे काढले की डेटा कमी होतो, मॅडम. म्हणून दिसत नसेल."

"सहा आठवडे, दोन वर्षांतले. आणि सगळा उंचवटा त्यातच?"

"योगायोग..."

"रवी."

"नाही, मला कळतंय. कळतंय मला." मग एकदम, घाईघाईनं, "असं करू. आता जाऊ दे. दोन वाजू दे. मग सावकाश नीट बघू आणि पुढच्या लेखात दुरुस्ती टाकू. लोक टाकतात, मॅडम. कोण बघतंय सहा आठवडे?"

"मी बघितलेत."

"सतरा तारखेला माझी मुलाखत आहे."

"ठाऊक आहे मला."

"तुम्हाला काय, तुमची नोकरी पक्की आहे, तुम्ही..." तो थांबला. "सॉरी."

"नाही, बरोबर आहे. माझं काही जात नाही." हे म्हणताना तिच्या डोळ्यांपुढे निळे अभ्रे आले, आणि तिनं ते बाजूला सारले.

"ती नोंद कुणी केली होती? पाकळीची?"

"मीच. माझ्याच नावानं आहे."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत, मॅडम?" आवाजात राग नव्हता, थकवा होता. त्याला उत्तर काय द्यायचं? तिनं प्रामाणिकपणे शोधलं आणि जे सापडलं ते तिला स्वतःलाच नवं होतं. "मला वाटलं, लिहिलं म्हणजे सांगितलं." तो म्हणाला, "हरकत तुम्ही लिहिता की मी लिहू?" "मी लिहिते. तू मुलाखतीत सांग, चूक आम्हीच पकडली म्हणून." "आम्ही नाही. तुम्ही," रविराज म्हणाला आणि फोन ठेवला. तो चिडून ठेवला की रडू येतंय म्हणून, ते तिला कळलं नाही. अकरा वर्षांच्या सोबत्याचा आवाज तिला ओळखता येत नव्हता.

हरकत लिहायला तासभर गेला. चार ओळींची. इंग्रजी साधं होतं, पण प्रत्येक वाक्य तिला दोनदा वाचावं लागलं, कारण प्रत्येकाचा कर्ता ती होती. स्वतःच्याच लेखावर हरकत घेणारं त्या पानावर पहिलं नाव कदाचित तिचं असेल. तिनं दोन्ही आलेख जोडले, नोंदवहीतली ती तारीख जोडली. मध्ये एकदा उठून खिडकीशी गेली. खाली सोसायटीतल्या बायका चटईवर कुरडया घालत होत्या, एक जण दुसरीला म्हणत होती, "अगं दाबून नको, सैल सोड, आपोआप पडते." एक वाजून वीस मिनिटांनी तिनं ते पाठवलं. पाठवल्यावर काही झालं नाही. पहिलं उत्तर आलं ते कुठल्या तरी थंड देशातल्या, कधीही न भेटलेल्या बाईचं, तीन वाक्यांचं: पाकळी बंद असताना पायॉन किती खपले, आकडा काढलास का, काढला असशील तर पाठव. ना आभार, ना हळहळ. अश्विनीला ते इतकं बरं वाटलं की तिनं लगेच आकडा काढून पाठवला. शंभरात अकरा. दोन वाजले. लेख गेला नाही.

आता त्या लेखाचं नाव बदलायचं. 'सापडला' काढून 'शोधून पाहिला' घालायचं, आणि शेवटी लिहायचं की इतक्यापेक्षा मोठं काही तिथे असतं तर आम्हाला दिसलं असतं. असेही लेख छापतात. पुढे कुणी त्या रानात शोधायला आलं तर त्याला कळावं की इथवर कुणीतरी येऊन गेलं होतं आणि इथे काही नव्हतं. तिनं पहिली ओळ लिहून बघितली. वाचायला वाईट नव्हती. मग प्राचार्यांना फोन केला. ते आधी हसले, मग गंभीर झाले, मग म्हणाले, "मॅडम, शाल आणलीय, नारळ आणलाय. तसाच करू की सत्कार, प्रयत्नांचा." ती नको म्हणाली. भागवतला फ्लेक्स उतरवायला सांगा म्हणाली. "फ्लेक्स त्याच्या गोठ्यावर टाकायला मागत होताच तो," प्राचार्य म्हणाले, आणि तिला दिवसात पहिल्यांदा मोकळं हसू आलं.

रविवार नव्हता. गुरुवार होता. तरी तिनं रंगनाथला फोन लावला. तो धरणाच्या भिंतीवर असावा. फोनमध्ये वाराच वारा.

"काय गं, आज?" त्याच्या आवाजात धसका होता. "बरी हायेस ना?"

"बरी आहे. ते निघालं नाही."

"काय?"

"कण. नव्हताच तो. चूक होती. माझी."

वारा. मग तो बहुधा आडोशाला आला, कारण आवाज जवळ आला. "कुणी पकडली?"

"मीच."

"मग चूक कशी म्हनायची," तो म्हणाला. पातळी सांगायची तर रविवार नव्हता. "मग शनवारी सत्कार?"

"नाही आता. मी नको म्हटलं."

"रजा टाकली हुती मी. शनवारची."

"रद्द करा मग."

"साहेबांची सही झालीये." पुन्हा वारा, पुन्हा आडोसा. चौदा महिन्यांत ती त्याच्याकडून काही ऐकायला इतकी थांबली नव्हती. लग्न नाही, बारसं नाही, मयत नाही, सत्कारही नाही. त्यानं यावं असं आता जगात एकही कारण उरलेलं नव्हतं, आणि ते त्यालाही माहीत होतं. "तरी येऊ का?" रंगनाथ म्हणाला.

तिचा हात टेबलावर होता. बोटांना अजून मेथीचा वास येत होता. "इथे काही नाहीये," ती म्हणाली.

"ते कळलं मला. येऊ का, ते सांग."

लिहिलं म्हणजे सांगितलं असं होत नाही. आणि इथे तर लिहायलाही काही नव्हतं, नुसतं सांगायचंच होतं.

"सहाची गाडी धरा," ती म्हणाली. "उशिराची नको, संगमनेरला उभं राहावं लागतं."